हे झाड आपट्याचं नाही

दसऱ्याला सकाळी यशया भिंगारदिव्यांच्या अंगणात झाड असायचं आणि संध्याकाळी त्याचा खराटा झालेला असायचा. हे वर्षानुवर्षं चाललं होतं आणि सावेडीच्या वनश्री कॉलनीत कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. वनश्री हे नाव बिल्डरने दिलेलं. प्लॉट पाडताना जी काय वनश्री होती ती त्याने मुळासकट काढली आणि आठवण म्हणून नाव तेवढं कमानीवर ठेवलं. त्यामुळे सोनं म्हणून लुटता येईल असं, मधोमध खाच असलेल्या पानांचं झाड अख्ख्या कॉलनीत एकच उरलं, ते भिंगारदिव्यांचं. दसऱ्याला सीमोल्लंघन करावं म्हणतात. वनश्रीकर ते भिंगारदिव्यांच्या कंपाउंडवरून करत.

भिंगारदिवे जमीन मोजणी खात्यातून रिटायर झालेले. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या बांधावरची भांडणं मोजली, भावाभावांच्या शिव्या खाल्ल्या, पण कागदावरची रेघ कधी वाकडी गेली नाही. रिटायर झाल्यावर मोजायला काही उरलं नाही. काही दिवस त्यांनी दुधाची पिशवी मोजली, नळाला पाणी किती वेळ येतं ते मोजलं, शेवटी मरियाबाईंच्या पोळीचा व्यास मोजला, तेव्हा बाईंनी त्यांना स्वयंपाकघरातून बाहेर काढलं. बाहेर अंगण होतं आणि अंगणात झाड.

झाड मरियाबाईंनीच लावलेलं. राहुरीच्या रस्त्यावरच्या एका नर्सरीवाल्याने रोप देताना सांगितलं होतं, "बाई, दसऱ्याच्या सुमाराला जांभळ्या फुलांनी नुसतं लहडून जाईल." लहडलं कधीच नाही. कसं लहडणार? कळ्या धरायला आणि दसरा यायला एकच गाठ पडायची. पोरंटोरं, बायाबापड्या, काठीला आकडी बांधलेले प्रौढ पुरुष, सगळे मिळून शेंड्यापर्यंत ओरबाडून न्यायचे. पहिली काही वर्षं मरियाबाई म्हणायच्या, "एकदा फूल बघायचंय हो मला ह्याचं." मग म्हणायच्या बंद झाल्या.

यंदा पाऊस बरा झाला. गणपती गेले आणि एके सकाळी दात घासता घासता भिंगारदिव्यांना शेंड्याकडे बारीक कळ्या दिसल्या. त्यांनी तोंडातला फेस तसाच ठेवून त्या बघितल्या. यंदा मरियाला फूल दाखवायचं म्हणजे दाखवायचं, असं त्यांनी तिथेच ठरवलं. आता हे त्यांनी कुणाला तरी बोलून दाखवायचं की नाही? पण बायकोसाठी आपण काही करतो आहोत हे चारचौघांत सांगणं त्यांच्या खात्यात बसत नव्हतं. त्यांनी मनातल्या मनात प्रस्ताव मांडला आणि मनातल्या मनात मंजूर केला.

दसऱ्याला अजून तीन-चार आठवडे होते. भिंगारदिव्यांनी बाजूच्या घरी सहज विषय काढला. बाजूला कॉलनीचे सेक्रेटरी सुनील पालवे राहत. मूळचे पाथर्डीकडचे, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. त्यांचे वडील भिमाजी त्या दिवसांत लेकाकडे आले होते आणि ओट्यावर बसून रस्त्याला नावं ठेवत होते.

"झाडाचा पाला वाचवायचाय व्हय?" भिमाजी म्हणाले. "मग शेनाचं पानी मारा की. आमच्याकडं मिरचीच्या रोपावर मारत्यात. शेळी तोंड लावत न्हाई, मानूस तर लांबच."

सल्ला फुकट होता आणि शेणही. भिंगारदिव्यांनी पंपाने सबंध झाड शिंपून काढलं. तीन दिवस घराला गोठ्याचा वास येत होता. मरियाबाईंनी खिडक्या लावून घेतल्या. चौथ्या दिवशी पावसाची जोरदार सर आली आणि पानांवरचं सगळं शेण कुंपणाला लागून उभ्या असलेल्या सुनीलरावांच्या पांढऱ्या गाडीवर उतरलं. गाडी नवीकोरी, अजून सीटवरचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं.

सुनीलराव चांगल्या घरचे. त्यांनी गाडी धुतली आणि वर म्हणाले, "असू द्या काका. शेण शुद्धच असतं. उलट यंदा सोनं जास्त पवित्र!"

म्हणजे पाल्याला संरक्षण द्यायला गेलेल्या माणसाने पाल्याचं माहात्म्य वाढवून ठेवलं.

समोरच्या बद्रुन्निसाआपांनी दुसरा सल्ला दिला. आपा शिवणकाम करायच्या आणि त्यांचा हात मशीनवर असला तरी लक्ष रस्त्यावर असायचं. "भाईजान, पाणी तोडा झाडाचं. पानं कमी येतील, लोक कमी येतील." भिंगारदिव्यांनी हा सल्ला नम्रपणे नाकारला. नाकारला म्हणून आपा दोन दिवस त्यांच्याकडे न बघता दोरा ओवत होत्या. शेजाऱ्यांचा सल्ला ऐकला तर गाडी घाण होते, नाही ऐकला तर संबंध. माणसाने करावं तरी काय!

मग एका दुपारी भिंगारदिव्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नर्सरीवाला जांभळी फुलं म्हणाला होता. आपट्याला कुठली आली जांभळी फुलं? हे झाड आपट्याचंच नसेल तर?

त्यांनी पानं तोडली, पाटावर मांडली आणि पट्टी घेतली. मोबाईलवर पान ओळखणारं काहीतरी असतं असं ऐकून तेही उघडलं. मोबाईलने पहिल्यांदा आपटा सांगितला, दुसऱ्यांदा कांचन आणि तिसऱ्यांदा उजेड कमी आहे असं सांगितलं. यंत्राच्या नादी न लागता त्यांनी स्वतः डोंगरगणच्या बाजूला जाऊन खऱ्या आपट्याची पानं आणली. फरक ढळढळीत होता. आपट्याचं पान लहान, जाड, खरखरीत, लांबीपेक्षा रुंदीला जास्त आणि खाच उथळ. अंगणातलं पान तळहाताएवढं, मऊ, खाच चांगली खोलवर गेलेली. हा कांचन! शंभर टक्के कांचन! इतकी वर्षं सगळी कॉलनी एकमेकांना भलतंच पान देऊन गळाभेट घेत होती.

त्या रात्री जेवताना ते मरियाबाईंना म्हणाले, "आपलं झाड आपट्याचं नाही."

"बरं," मरियाबाई म्हणाल्या. "भाजी वाढू का?"

दुसऱ्या दिवशी गेटवर पाटी लागली. पांढऱ्यावर काळं, मोजून आखलेल्या अक्षरांत: हे झाड आपट्याचं नाही. कांचनाचं आहे. पान मोजून खात्री करावी. खाली दोन्ही पानांच्या आकृत्या, लांबी-रुंदीसह.

पाटीने एकच काम केलं. ज्यांना झाड माहीत नव्हतं त्यांनाही ते माहीत झालं. पलीकडच्या कॉलनीतले लोक संध्याकाळी फिरायला येऊन बघून जाऊ लागले. "हेच का ते आपट्याचं?" असं पाटीसमोर उभं राहून विचारू लागले. सुनीलराव तर हसत म्हणाले, "काका, तुम्ही म्हणता म्हणून काय झालं? तुमचं खातं जमिनीचं. झाडांवर सही चालते ती उद्यान खात्याची. तिथला कागद आणा, आम्ही मानतो."

हे बोलणं भिंगारदिव्यांना लागलं. ज्या माणसाच्या एका रेघेवर गावंच्या गावं कोर्टात गेली, त्याच्या पट्टीवर शेजाऱ्याचा विश्वास नसावा! कागद पाहिजे काय? आणतो कागद.

उद्यान खात्याच्या कचेरीत टेबलामागच्या इसमाने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तोडायचंय का?"

"नाही हो. ते झाड कशाचं आहे एवढं लिहून द्या."

"ओळखायचा अर्ज नसतो," इसम म्हणाला. "तोडायचा असतो. फांद्या छाटायचा असतो. पडलेलं झाड उचलायचा असतो. नुसतं ओळखायचं असेल तर साहेबांना कुठल्या कलमाखाली पाठवू?"

भिंगारदिव्यांनी सरकारी नोकरी केलेली. पळसाला पाने तीनच हे त्यांना पाठ होतं. पण टेबलाच्या अलीकडच्या बाजूला उभं राहिल्यावर ती तीन पानं फार टोचतात. इसम तसा दयाळू होता. तो हळूच पुढे वाकून म्हणाला, "एक करा. तोडायचा अर्ज टाका. मग मॅडमना जागेवर यावंच लागतं. अहवालात झाडाचं नाव लिहावंच लागतं. नाव मिळालं की झालं. परवानगी मिळाली तरी तोडलंच पाहिजे अशी सक्ती थोडीच आहे?"

युक्ती भिंगारदिव्यांना पटली. त्यांनी घरी न सांगता अर्ज टाकला. तोडण्याचं कारण या रकान्यात काय लिहावं ते सुचेना, म्हणून 'वैयक्तिक' असं लिहून ते शिट्टी वाजवत घरी आले.

अर्ज आला की झाडावर नोटीस डकवावी लागते, हे तो दयाळू इसम सांगायचं विसरला होता.

भिंगारदिवे दळण आणायला गेले असताना कचेरीचा माणूस येऊन नोटीस चिकटवून गेला. सदर वृक्ष तोडण्याबाबत श्री. यशया भिंगारदिवे यांचा अर्ज प्राप्त झाला असून कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत कळवावे. पिठाचा डबा घेऊन ते परतले तर गेटसमोर गर्दी. बद्रुन्निसाआपा मशीन सोडून रस्त्यावर आल्या होत्या, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

"भाईजान, पाणी तोडा म्हटलं मी," आपा म्हणाल्या. "झाड तोडा नाही म्हटलं!"

"अवो सायेब," भिमाजी कळवळून म्हणाले, "शेनानं भागलं न्हाई म्हून डायरेक कुऱ्हाड?"

"दसऱ्याच्या तोंडावर सोन्याचं झाड तोडताय काका?" सुनीलरावांचा आवाज मोठा असला तरी आता त्यात चेष्टा नव्हती. "काही चुकलं असेल आमचं तर सांगा ना."

"अहो, तोडायचं नाहीये मला! तोडायचा फक्त अर्ज केलाय!"

हे वाक्य जितकं खरं होतं तितकंच ते वेड्याचं वाटत होतं. पिठाचा डबा सांभाळत ते घरात शिरले, तर मरियाबाई टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होत्या.

"काय लिहितेस?"

"हरकत," मरियाबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं: 'झाड मी लावलेलं आहे. अर्जदार माझे पती असून ते मला विचारून काही करत नाहीत. तरी अर्ज फेटाळावा ही विनंती.'

चाळीस वर्षांच्या संसारात बायकोने नवऱ्याविरुद्ध लेखी तक्रार केल्याचं हे पहिलंच उदाहरण. भिंगारदिव्यांनी युक्ती समजावून सांगितली. मरियाबाईंनी शांतपणे ऐकली, कागदाची घडी घातली आणि तरीही जाऊन तो कचेरीत दिला. "तुमच्या युक्तीचा भरवसा नाही," एवढंच म्हणाल्या.

ठरलेल्या दिवशी राजनंदिनी मॅडम आल्या. वयाने लहान, पण चालण्यात खात्याचा रुबाब. कॉलनी जमलीच होती. मॅडमनी एक पान तोडलं, मधल्या शिरेवर दुमडलं, उलटं करून पाहिलं, नाकाजवळ धरून वास घेतला आणि म्हणाल्या, "कांचन."

भिंगारदिव्यांची छाती चार इंच फुगली. त्यांनी सुनीलरावांकडे पाहिलं. सुनीलराव जमिनीकडे पाहत होते.

"तोडायचं कारण 'वैयक्तिक' म्हणजे काय?" मॅडमनी विचारलं. "झाड निरोगी आहे. भिंतीला धोका नाही, तारा लांब आहेत आणि हरकती ढिगाने आल्यात. एक तर घरातूनच आलीय. मी अर्ज नामंजूर करते."

"फार उपकार झाले!" भिंगारदिवे म्हणाले.

मॅडमनी आत्तापर्यंत नामंजुरीवर शिव्या, शिफारशी आणि रडारड पाहिली होती. हात जोडून आभार मानणारा अर्जदार पहिलाच. "नामंजुरीची प्रत मिळेल ना?" असंही त्याने विचारलं, तेव्हा त्या घाईने गाडीत बसल्या.

प्रत आली. 'सदर कांचन वृक्ष तोडण्यास परवानगी नाकारण्यात येत आहे.' भिंगारदिव्यांनी ती लॅमिनेशन करून पाटीखाली टांगली. आणि खरोखर, कॉलनीने मानलं. लोक पानं दुमडून बघू लागले, आपट्याचं पान रुंदीला जास्त असतं हे एकमेकांना सांगू लागले. सुनीलरावांनी सगळ्यांसाठी पाथर्डीच्या डोंगरातून खरा आपटा आणायची व्यवस्था केली. भिंगारदिव्यांच्या गेटवर आकडी घेऊन कुणी फिरकलं नाही. नवरात्राच्या नवव्या माळेला त्यांनी झाड खालपासून वरपर्यंत निरखलं. एक पान कमी नव्हतं.

दसऱ्याला सकाळी वरच्या फांदीवर, घराच्या बाजूला, पहिली फुलं उमलली. रस्त्यावरून दिसत नव्हती, पण ओट्याच्या पायरीवरून नीट दिसत होती. जांभळी, लांब पाकळ्यांची. भिंगारदिवे धावत आत गेले. "मरिया! बाहेर ये. लवकर ये."

मरियाबाई हात पुसत आल्या. बघितलं. खूप वेळ बघितलं. "छान आहेत हो," म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. भिंगारदिव्यांना वाटलं, भरून पावलो.

मग मरियाबाईंनी ठेवणीतली साडी नेसली. चिवडा त्यांनी आदल्या दिवशीच परातभर केला होता, वड्याही थापल्या होत्या. दरवर्षी करायच्या तेवढ्याच. झाड ओरबाडून झालं की लोक त्याच पानांचं सोनं त्यांना द्यायला आत यायचे, पाया पडायचे, चिवडा खायचे, सोफ्यावर मावायचे नाहीत. त्या दार उघडं टाकून बसल्या.

दुपार झाली. समोर आपांच्या घरी चपलांचा ढीग पडला होता. कॉलनीभर "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" चाललं होतं. लोक गेटपर्यंत यायचे, पाटी आणि खालचा सरकारी कागद बघायचे आणि पुढे जायचे. एकाने तर कागदाला नमस्कार केल्यासारखं केलं. ऊन उतरलं तरी परात तशीच होती.

"येतील," भिंगारदिवे म्हणाले.

"कशाला येतील?" मरियाबाई म्हणाल्या. "पाटी वाचता येते त्यांना." आणि उठून त्या परातीवर ताट झाकायला गेल्या.

ते ताट झाकल्याचा आवाज भिंगारदिव्यांना काही सहन झाला नाही. त्यांनी पायरीवरून हात लांबवून हाताला येतील तेवढी पानं तोडली आणि तडक पालव्यांच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाच्या दारी सोनं घेऊन उभे होते, आणि तेसुद्धा खोटं.

सुनीलरावांनी दार उघडलं. पुढे केलेल्या हाताकडे बघितलं. "काका, हे तर कांचन."

"कांचनच आहे. माझ्याकडे दुसरं नाही." भिंगारदिवे म्हणाले. "तू आला नाहीस. कुणीच आलं नाही. ती सकाळपासून दारात बसलीय."

"कसे येणार काका? आधी शेण, मग पाटी, मग तोडायचा अर्ज, मग सरकारी कागद. आम्हाला वाटलं, तुम्हाला आमचं येणंच नको झालंय."

"मी पानांचं म्हणत होतो."

"पानं बाजारात ढिगाने मिळतात हो," सुनीलराव म्हणाले. "इतकी वर्षं आम्ही तुमच्याकडे पानांसाठी येत होतो असं वाटलं तुम्हाला?"

भिंगारदिव्यांनी पान सुनीलरावांच्या हातात कोंबलं आणि मान खाली घालून उभे राहिले. सुनीलरावांनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला आणि मागे वळून आपल्या त्या मोठ्या आवाजात घरच्यांना हाका मारल्या. तो आवाज चार घरं पलीकडे जातो. दिवेलागणीच्या आत भिंगारदिव्यांच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बद्रुन्निसाआपा शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन आल्या आणि मरियाबाईंच्या शेजारी बसल्या.

पण झाडाला हात लावायला कुणी तयार होईना. सगळे लांबून बघत होते. शेवटी भिंगारदिवेच पायरीवर चढले, त्यांनी एक फांदी खाली ओढली आणि भिमाजींच्या हातात डहाळी दिली. "सोनं घ्या."

भिमाजींनी डहाळी डोळ्यांजवळ धरली. तिच्या टोकाला एक फूल होतं. "आरं तिच्या! ह्याला फुलं बी येत्यात व्हय?"

"येतात ना," मरियाबाई दारातून म्हणाल्या. "दसऱ्यालाच येतात. म्हणून तर ह्यांचं एवढं चाललं होतं सगळं. मला फूल बघायचं होतं ना."

सुनीलरावांनी डहाळीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं, मग भिंगारदिव्यांकडे.

"काका, काकूंना फूल बघायचंय एवढं बोलला असतात तर शेंड्याला कुणी हात लावला असता का?"

"आन् सायेब," भिमाजी म्हणाले, "त्ये शेन तरी वाचलं असतं."

भिंगारदिव्यांनी फांदी हळूच वर सोडून दिली. मरियाबाई हसत हसत चिवड्याची परात घेऊन बाहेर आल्या.